सर्व्हिस पुन्हा पुन्हा का पडते? लिनक्स सर्व्हरवरील देखरेखीचे बिघाड शोधण्याची पद्धत

लिनक्स सर्व्हरवरची एखादी सर्व्हिस, म्हणजे पार्श्वभूमीत सतत चालणारा प्रोग्रॅम, पडली की मुंबईतल्या बहुतेक कार्यालयांत पहिला सल्ला ठरलेला असतो: ‘रिस्टार्ट मारून बघ.’ अनेकदा सर्व्हिस खरोखरच उठते आणि प्रकरण तिथेच मिटल्यासारखे वाटते. परंतु रिस्टार्टबरोबर त्या प्रोसेसची मेमरी, उघड्या फाइलींची यादी, अडकलेली कनेक्शने आणि कधी कधी तात्पुरत्या फाइलीही नाहीशा होतात. म्हणजे बिघाडाचे कारण सांगू शकणारा बराचसा पुरावा आपणच पुसून टाकतो. म्हणून देखरेख करणाऱ्या प्रणालीने दिलेला संदेश आधी पूर्ण वाचावा, तिला काय दिसले आणि प्रत्यक्षात काय घडले यांतला फरक ओळखावा, आणि मगच सर्व्हिसला हात लावावा, असा या लेखाचा आग्रह आहे.

लेनार्ट पोएटरिंग आणि के सीव्हर्स यांनी 2010 मध्ये पुढे आणलेली सिस्टिमडी ही प्रणाली आज डेबियन, उबुंटू, फेडोरा, रेड हॅट अशा बहुतेक वितरणांत सर्व्हिस सुरू करणे, तिच्यावर लक्ष ठेवणे आणि ती पडल्यास पुन्हा उठवणे ही कामे करते. त्यामुळे येथील विवेचनाचा मुख्य भर सिस्टिमडीवर आहे. रनिट आणि सुपरव्हायझर या देखरेखीच्या दुसऱ्या दोन प्रणालींचा विचार नंतर थोडक्यात केला आहे. आज्ञा, सेटिंगची नावे आणि लॉगमधील ओळी येथे उच्चारानुसार देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या अर्थातच मूळ रोमन स्पेलिंगने लिहायच्या.

उदाहरणासाठी दादरमधल्या एका पॅथॉलॉजी लॅबची कल्पना करू. तपासण्यांचे निकाल रुग्णांच्या मोबाइलवर पाठवणारी ‘अहवाल’ नावाची सर्व्हिस एका भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवर चालते, तिला डेटाबेस लागतो, आणि ती संध्याकाळी, म्हणजे निकाल पाठवण्याच्या ऐन गर्दीच्या वेळी, अधूनमधून बंद पडते.

## देखरेख करणाऱ्याला नेमके काय दिसते

सोसायटीच्या वॉचमनला कोण आत गेले आणि कोण बाहेर पडले हे ठाऊक असते, पण तिसऱ्या मजल्यावरच्या घरात गॅस चालू राहिला आहे का, हे त्याला कळत नाही. सिस्टिमडीची दृष्टीही अशीच मर्यादित आहे. मुख्य प्रोसेसचा क्रमांक, ती संपली असल्यास तिचा एक्झिट कोड (संपताना दिलेला आकडा) किंवा तिला मिळालेला सिग्नल (कर्नलमार्फत आलेली सूचना), त्या सर्व्हिसच्या कंट्रोल ग्रुपमधल्या, म्हणजे तिच्या गटातल्या, इतर प्रोसेस, आणि प्रोग्रॅमने स्वतःहून ‘मी तयार आहे’ असे कळवले असल्यास ती सूचना, एवढेच तिच्या हाती असते. अहवाल प्रत्यक्षात पाठवले जात आहेत की नाहीत, याची तिला कल्पना नसते.

यावरून बिघाडांचे तीन प्रकार पडतात आणि तपासाची दिशा त्यांवरच ठरते. पहिल्या प्रकारात सर्व्हिस मुळात सुरूच होत नाही. दुसऱ्यात ती सुरू होते आणि काही वेळाने मरते. तिसरा प्रकार सर्वांत फसवा आहे: प्रोसेस आणि देखरेख यांची माहिती एकमेकींशी जुळत नाही, म्हणजे जिवंत प्रोसेस मृत समजली जाते किंवा निकामी झालेली प्रोसेस ‘ॲक्टिव्ह (रनिंग)’ म्हणून मिरवत राहते. ‘सर्व्हिस चालत नाही’ या एकाच तक्रारीखाली हे तिन्ही प्रकार येतात, म्हणून तक्रार नोंदवून घेतानाच यांपैकी कोणता, हे विचारण्याची सवय लावून घ्यावी.

## आधी पुरावा गोळा करावा

पहिली आज्ञा ‘सिस्टिमसीटीएल स्टेटस अहवाल’. तिला ‘-एल’ आणि ‘--नो-पेजर’ हे पर्याय जोडावेत, नाहीतर लांब ओळी उजवीकडे कापल्या जातात आणि नेमका कामाचा शब्द दिसत नाही. या आज्ञेत लॉगच्या शेवटच्या मोजक्याच ओळी येतात आणि सर्व्हिस पुन्हा पुन्हा पडत असेल तर त्या ओळी शेवटच्या प्रयत्नाच्या असतात; मूळ बिघाड त्याच्या बराच वर दडलेला असू शकतो. म्हणून लगेच ‘जर्नलसीटीएल -यू अहवाल -बी’ चालवून जर्नलमधला, म्हणजे सिस्टिमडी राखते त्या लॉगमधला, या बूटपासूनचा सगळा मजकूर पाहावा, आणि पहिली चूक कुठे घडली तिथपर्यंत मागे जावे. शेवटची ओळ वाचून निष्कर्ष काढण्याची घाई हा या कामातला सर्वांत सार्वत्रिक दोष आहे.

त्यापाठोपाठ ‘सिस्टिमसीटीएल शो अहवाल’ ही आज्ञा द्यावी. तिचे उत्तर लांबलचक असते, पण त्यात ‘रिझल्ट’, ‘एक्झेकमेनकोड’, ‘एक्झेकमेनस्टेटस’, ‘एनरिस्टार्ट्स’ आणि ‘मेनपीआयडी’ ही मूल्ये पाहिली तरी पुरते. ते सगळे उत्तर एका फाइलीत साठवून ठेवावे. प्रोसेस जिवंत पण अडकलेली असेल तर रिस्टार्टपूर्वी ‘एसएस -एलटीएनपी’ने कोणते पोर्ट कोणी धरले आहे ते आणि ‘एलएसओएफ -पी’ने उघड्या फाइलींची यादीही त्याच ठिकाणी जपावी. या सगळ्याला काही मिनिटेच लागतात. तेवढ्या वेळासाठी रिस्टार्टचा आग्रह धरणाऱ्या वरिष्ठांना थोपवून धरणे हा कामाचाच भाग समजावा.

वेळेबाबत एक सावधगिरी. क्लाउडवरचे सर्व्हर बहुधा यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, चालतात आणि भारतीय वेळ त्याच्या 5 तास 30 मिनिटे पुढे आहे. त्यामुळे सकाळी 9:15 ला शेअर बाजार उघडतो तो क्षण अशा सर्व्हरच्या लॉगमध्ये 3:45 असा दिसतो. त्यातच ॲप्लिकेशनचा स्वतःचा लॉग भारतीय वेळेत आणि जर्नल यूटीसीमध्ये असेल, तर दोन असंबद्ध घटना एकमेकींना चिकटवल्या जातात. कोणता लॉग कोणत्या वेळेत आहे, हे कागदावर लिहून मगच जुळवाजुळव करावी. जर्नलपुरते ‘--यूटीसी’ हा पर्याय लावून संदिग्धता टाळता येते.

लॉग सापडतच नसेल तर त्यामागे दोन नेहमीची कारणे असतात. ‘/व्हार/लॉग/जर्नल’ ही डिरेक्टरी अस्तित्वात नसेल आणि ‘स्टोरेज’ सेटिंग ‘ऑटो’ असेल, तर जर्नल फक्त ‘/रन’खाली, म्हणजे मेमरीत राहते आणि रीबूटबरोबर नाहीसे होते, ‘जर्नलसीटीएल -बी -1’ने मागच्या बूटचा लॉग मागितल्यावर काहीच येत नाही, त्याचे कारण हेच. दुसरे म्हणजे, 30 सेकंदांत 10,000 पेक्षा जास्त ओळी आल्या की जर्नल डीफॉल्ट मर्यादेनुसार पुढच्या ओळी गाळते आणि ‘सप्रेस्ड’ अशी एक नोंद ठेवते. बेफाम लॉग लिहिणारी सर्व्हिस मरण्याच्या क्षणी नेमके काय म्हणाली, ते अशा वेळी हाती लागत नाही.

लॉग टिकवणे ही आता केवळ सोयीची बाब उरलेली नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने 28 एप्रिल 2022 रोजी काढलेल्या निर्देशांत संगणक प्रणालींचे लॉग 180 दिवस जपून ठेवण्याची आणि सर्व्हरची घड्याळे एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळती ठेवण्याची अट आहे. जर्नलचा आकार मात्र डीफॉल्ट मर्यादेनुसार फाइलसिस्टिमच्या 10 टक्के किंवा 4 जीबी, यांपैकी जे कमी असेल तेवढ्यावर थांबतो आणि जुन्या नोंदी पुसल्या जातात. व्यस्त सर्व्हरवर एवढी जागा 180 दिवसांच्या खूप आधी भरते, म्हणून ‘सिस्टिममॅक्सयूज’ वाढवणे किंवा लॉग दुसऱ्या यंत्रावर पाठवणे याची व्यवस्था बिघाड होण्याआधीच करून ठेवावी.

## एक्झिट कोड आणि सिग्नल यांचे वाचन

लॉगमध्ये ‘मेन प्रोसेस एक्झिटेड, कोड=…, स्टेटस=…’ या साच्याची ओळ शोधावी. तपासाचे अर्धे काम ती एकटी करते.

‘कोड=एक्झिटेड’ असेल तर प्रोसेस स्वतःहून संपली. त्यापुढचा आकडा 200 किंवा त्याहून मोठा असून त्याला नाव जोडलेले असेल, तर बहुधा आपला प्रोग्रॅम सुरू होण्याच्या आतच, सिस्टिमडी त्याची तयारी करत असताना, घोटाळा झालेला असतो. अशा वेळी ॲप्लिकेशनचा कोड तपासत बसणे व्यर्थ आहे. 200/सीएचडीआयआर म्हणजे ‘वर्किंगडिरेक्टरी’त दिलेली जागा नाही किंवा तिथे जाण्याची परवानगी नाही. 217/यूजर म्हणजे युनिट फाइलीत (सर्व्हिसची सेटिंग असलेल्या फाइलीत) लिहिलेला यूजर या यंत्रावर अस्तित्वात नाही. नव्या सर्व्हरवर स्थलांतर केल्यावर हा हमखास भेटतो. 226/नेमस्पेस आला तर ‘रीडराइटपाथ्स’सारख्या सुरक्षेच्या सेटिंगमध्ये लिहिलेली एखादी डिरेक्टरी प्रत्यक्षात नाही, अशी शक्यता सर्वांत आधी तपासावी.

203/एक्झेक हा कोड मात्र सविस्तर बोलण्यासारखा आहे, कारण त्यामागे अनेक कारणे असतात आणि त्यांपैकी काही डोळ्यांना दिसत नाहीत. पाथ चुकीचा आहे का आणि फाइलीला एक्झिक्यूट परवानगी आहे का, हे ‘एलएस -एल’ने लगेच कळते. ते ठीक असेल तर स्क्रिप्टची पहिली ओळ पाहावी: तिथे लिहिलेला पायथन किंवा बॅश त्या जागी खरोखर आहे का? तोही असेल आणि तरीही 203 येत असेल, तर स्क्रिप्ट विंडोजच्या लॅपटॉपवर लिहून वर चढवली असण्याचा दाट संभव असतो. विंडोज प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जादा अदृश्य अक्षर ठेवते, आणि कर्नल त्या अक्षरासकटच्या नावाचा इंटरप्रिटर शोधत बसतो, जो कुठेच नसतो. ‘फाइल’ ही आज्ञा त्या स्क्रिप्टवर चालवल्यास ‘सीआरएलएफ’ असा उल्लेख दिसतो आणि ‘डॉसटूयुनिक्स’ने तो दोष दूर होतो. उरलेली दोन कारणे म्हणजे ‘नोएक्झेक’ पर्यायाने माउंट केलेली डिस्क, आणि रेड हॅट कुटुंबातल्या यंत्रांवर एसईलिनक्सने, म्हणजे फाइलींना लेबले लावून परवानग्या ठरवणाऱ्या सुरक्षाव्यवस्थेने, घातलेला अडसर. फाइल होम डिरेक्टरीतून ‘एमव्ही’ने हलवली की तिचे जुने लेबल तसेच राहते, ‘ऑसर्च -एम एव्हीसी’मध्ये नकाराची नोंद सापडली तर ‘रिस्टोरकॉन’ चालवावे. एसईलिनक्स सरसकट बंद करण्याचा सल्ला इंटरनेटवर मुबलक मिळतो. तो मानू नये.

‘कोड=किल्ड’ किंवा ‘कोड=डम्प्ड’ असेल तर प्रोसेसला सिग्नलने मारले. 11/एसईजीव्ही आणि 6/एबीआरटी हे बहुधा प्रोग्रॅममधल्याच दोषाचे निदर्शक असतात. ‘कोअरडम्पसीटीएल लिस्ट’मध्ये मरतेवेळच्या मेमरीची प्रत मिळाली तर ती प्रोग्रॅमरच्या हवाली करावी.

9/केआयएलएल दिसला की प्रश्न विचारायचा तो एकच: हा सिग्नल पाठवला कोणी? संशयित तीन आहेत. कर्नलने मेमरी संपल्यामुळे मारले असेल तर ‘जर्नलसीटीएल -के’मध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ किंवा ‘मेमरी सीग्रुप आउट ऑफ मेमरी’ अशी ओळ असते आणि ‘रिझल्ट’मध्ये ‘ओओएम-किल’ येते. सिस्टिमडीने स्वतःच मारले असेल तर त्याआधी ‘स्टेट स्टॉप-सिगटर्म टाइम्ड आउट’ अशी नोंद असते: थांबायला सांगितल्यावर, म्हणजे सिगटर्म पाठवल्यावर, 90 सेकंदांत प्रोसेस संपली नाही तर डीफॉल्ट सेटिंगप्रमाणे सिस्टिमडी सिगकिल पाठवते. या दोन्हींचा मागमूस नसेल तर माणूस किंवा एखादी स्क्रिप्ट यांच्याकडे वळावे. ‘सूडो’च्या (रूटचे अधिकार घेऊन दिलेल्या आज्ञांच्या) नोंदी आणि क्रॉनची, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालणारी, कामे तपासावीत. रात्री मेमरी ‘मोकळी’ करण्यासाठी कोणीतरी वर्षांपूर्वी लावून ठेवलेली क्रॉनची ओळ आजही इमाने इतबारे प्रोसेस मारत असल्याचे आढळते.

बाकी कोड 1 किंवा 2 असेल तर तो प्रोग्रॅमचा स्वतःचा निर्णय आहे, आणि त्याचे कारण त्याच्याच लॉगमध्ये, या ओळीच्या वर, असते.

## टर्मिनलवर चालते, सर्व्हिस म्हणून चालत नाही

ही तक्रार ऐकली की प्रोग्रॅमवर संशय घेऊ नये. दोन्हींच्या परिस्थितीतला फरक शोधावा. टर्मिनलवर लॉगिन केल्यावर शेल, म्हणजे आपल्या आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम, आपल्या प्रोफाइल फाइली वाचतो, त्यातून पाथ आणि इतर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल तयार होतात. सिस्टिमडी यांपैकी काहीही वाचत नाही. नोडची किंवा पायथनची खास आवृत्ती होम डिरेक्टरीत बसवलेली असेल तर ती सर्व्हिसला सापडणार नाही. ‘एक्झेकस्टार्ट’मध्ये तिचा पूर्ण पाथ द्यावा आणि लागणारी व्हेरिएबल ‘एन्व्हायर्नमेंटफाइल’मधून पुरवावीत.

‘एक्झेकस्टार्ट’ची ओळ शेलमधून जात नाही, हेही बरेच जण विसरतात. पाइप, रीडायरेक्शन, दोन आज्ञा जोडणारी चिन्हे यांना तिथे काही अर्थ नसतो. ती सगळी चिन्हे प्रोग्रॅमला साधी आर्ग्युमेंट म्हणून दिली जातात. टक्केवारीचे चिन्ह मजकुरात हवे असेल तर ते दोनदा लिहावे लागते.

सुरक्षेची सेटिंग तिसरा फरक घडवतात. ‘प्रायव्हेटटेम्प’ चालू असेल तर सर्व्हिसला दिसणारे ‘/टेम्प’ आणि आपल्याला दिसणारे ‘/टेम्प’ वेगळे असतात, त्यामुळे आपण तिथे ठेवलेली फाइल तिला सापडत नाही. ‘प्रोटेक्टहोम’ असेल तर ‘/होम’ रिकामे भासते. फरक नेमका कशात आहे हे ठरवण्यासाठी ‘सिस्टिमडी-रन -टी’ ही आज्ञा ‘-पी’ने तीच सेटिंग एकेक करून जोडत चालवावी, ज्या सेटिंगला प्रोग्रॅम कोलमडेल ते सेटिंग दोषी. नुसते ‘सूडो -यू’ने यूजर बदलून पाहणे उपयोगी आहे, पण अपुरे आहे.

## टाइप चुकला की सगळेच चुकते

देखरेखीतल्या तिसऱ्या प्रकारच्या बिघाडांचे, म्हणजे माहितीच्या विसंगतीचे, मूळ बहुतांशी युनिट फाइलीतल्या ‘टाइप’ या एका शब्दात असते.

‘टाइप=सिंपल’ असताना सिस्टिमडी असे मानते की जी प्रोसेस तिने सुरू केली तीच मुख्य प्रोसेस आहे आणि ती पुढेही तशीच चालत राहणार आहे. पण जुन्या वळणाचा प्रोग्रॅम स्वतःला पार्श्वभूमीत ढकलतो: तो एक नवी प्रोसेस काढतो आणि मूळ प्रोसेस कोड 0 देऊन संपते. सिस्टिमडीच्या दृष्टीने सर्व्हिस व्यवस्थित काम आटोपून थांबली. ती मागे उरलेल्या प्रोसेसही आवरते आणि ‘इनॲक्टिव्ह (डेड)’ असे लिहून मोकळी होते. लॉगमध्ये एररचा एक शब्द नसतो, म्हणून माणूस चक्रावतो. त्यातच कोणी ‘किलमोड=प्रोसेस’ करून ठेवले असेल तर मागे उरलेली प्रोसेस जिवंत राहते, पोर्ट धरून बसते, आणि पुढच्या प्रत्येक प्रयत्नाला ‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’ हा संदेश मिळतो.

‘टाइप=फोर्किंग’ असताना नेमके उलट घडते. सिस्टिमडी मूळ प्रोसेस संपण्याची वाट पाहत राहते, प्रोग्रॅम मात्र समोरच चालू असतो. 90 सेकंदांनी ‘स्टार्ट ऑपरेशन टाइम्ड आउट’ असे म्हणून ती अगदी धडधाकट चालणारी सर्व्हिस मारून टाकते. सर्व्हिस बरोबर दीड मिनिटाने पडते, अशी तक्रार आली की लॉग उघडण्याआधी ‘टाइप’ पाहावा. फोर्किंगमध्ये ‘पीआयडीफाइल’चा पाथ ॲप्लिकेशनच्या कॉन्फिगमधल्या पाथशी तंतोतंत जुळला पाहिजे, हीदेखील अट आहे.

‘टाइप=नोटिफाय’ सर्वांत विश्वासार्ह, कारण त्यात प्रोग्रॅम स्वतः तयार झाल्याचे कळवतो. मात्र मध्ये एखादी शेल स्क्रिप्ट असेल आणि तिने शेवटच्या ओळीत ‘एक्झेक’ वापरले नसेल, तर मुख्य प्रोसेस शेल ठरतो, सूचना त्याच्या अपत्याकडून येते, आणि ‘रिसेप्शन ओन्ली परमिटेड फॉर मेन पीआयडी’ असे म्हणून ती फेटाळली जाते. स्क्रिप्टमध्ये ‘एक्झेक’ लिहिणे हाच त्यावरचा सरळ उपाय आहे.

नवी सर्व्हिस लिहिताना, प्रोग्रॅमला नोटिफायची सोय नसल्यास, ‘टाइप=एक्झेक’ निवडावा. सिस्टिमडीच्या 240 व्या आवृत्तीपासून तो उपलब्ध आहे. सिंपलमध्ये प्रोग्रॅमची फाइल गायब असली तरी ‘स्टार्ट’ आज्ञा यशस्वी झाल्याचे सांगते. एक्झेकमध्ये ती चूक तिथल्या तिथे दिसते.

## रिस्टार्टचे गणित

‘स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली’ हा संदेश पाहून अनेक जण ‘स्टार्टलिमिटबर्स्ट’ वाढवतात किंवा मर्यादाच काढून टाकतात. तो संदेश आजाराचे नाव नव्हे. सर्व्हिस वारंवार पडली आणि म्हणून सिस्टिमडीने प्रयत्न सोडले, एवढाच त्याचा अर्थ आहे. पडण्याचे कारण त्याआधीच्या ओळींत असते. डीफॉल्ट नियम असा की 10 सेकंदांत 5 वेळा सुरू करून झाले की सहावा प्रयत्न नाकारला जातो. कारण दूर केल्यावर ‘सिस्टिमसीटीएल रीसेट-फेल्ड अहवाल’ द्यावे, म्हणजे मोजणी शून्यावर येते.

या नियमाचा दुसरा परिणाम फारसा लक्षात घेतला जात नाही. दोन प्रयत्नांतले अंतर, म्हणजे ‘रिस्टार्टसेक’, डीफॉल्ट 100 मिलिसेकंद असते. ते फार कमी वाटून कोणी 5 सेकंद केले, तर 10 सेकंदांत जेमतेम दोन-तीनच प्रयत्न होतात, पाचाची मर्यादा कधीच ओलांडली जात नाही, आणि सर्व्हिस दिवसरात्र पडत-उठत राहते. ती ‘फेल्ड’ अवस्थेला पोहोचत नसल्यामुळे ‘सिस्टिमसीटीएल --फेल्ड’च्या यादीत सहसा दिसत नाही, आणि त्या यादीवर आधारलेली सूचनाव्यवस्था गप्प राहते. म्हणून ‘रिस्टार्टसेक’ वाढवताना ‘स्टार्टलिमिटइंटरव्हलसेक’ही वाढवावे, उदाहरणार्थ 300 सेकंद, आणि देखरेखीत ‘एनरिस्टार्ट्स’ या आकड्यावर लक्ष ठेवावे. 2023 मध्ये आलेल्या 254 व्या आवृत्तीपासून ‘रिस्टार्टस्टेप्स’ आणि ‘रिस्टार्टमॅक्सडिलेसेक’ वापरून हे अंतर टप्प्याटप्प्याने वाढवता येते.

‘रिस्टार्ट=ऑन-फेल्युअर’ असूनही सर्व्हिस उठली नाही, तर ती ‘स्वच्छ’ संपली होती का ते पाहावे. कोड 0 तर स्वच्छ मानला जातोच, पण सिगटर्म, सिगहप, सिगइंट आणि सिगपाइप यांनी झालेला शेवटही सिस्टिमडी स्वच्छच समजते. कोणी साध्या ‘किल’ आज्ञेने प्रोसेस मारली तर ती आपोआप उठणार नाही, आणि यात देखरेखीचा काहीही दोष नाही. जावा प्रोग्रॅम सिगटर्म मिळाल्यावर 143 हा कोड देतात आणि तो मात्र अपयश ठरतो; हेतुपुरस्सर थांबवलेली सर्व्हिस लाल अक्षरांत दिसू नये यासाठी ‘सक्सेसएक्झिटस्टेटस=143’ लिहावे.

## गर्दीच्या वेळीच पडत असेल तर

दादरची ती ‘अहवाल’ सर्व्हिस संध्याकाळीच का पडते, किंवा एखाद्या ब्रोकरची सर्व्हिस बाजार उघडतानाच का, याचे उत्तर बहुधा मर्यादांमध्ये सापडते. ‘टू मेनी ओपन फाइल्स’ असा संदेश असेल तर ‘/प्रॉक’खाली त्या प्रोसेसच्या क्रमांकाच्या डिरेक्टरीतली ‘लिमिट्स’ फाइल वाचावी. उघड्या फाइलींची सौम्य (सॉफ्ट) मर्यादा डीफॉल्ट 1024 असते, आणि प्रत्येक कनेक्शन त्यात मोजले जाते. ही मर्यादा ‘लिमिट्स.कॉन्फ’मध्ये वाढवून उपयोग होत नाही, कारण ती फाइल लॉगिनच्या वेळी पॅम या ओळख तपासणाऱ्या यंत्रणेमार्फत वाचली जाते आणि सिस्टिमडीच्या सर्व्हिस सहसा त्या वाटेने जात नाहीत. युनिटमध्येच ‘लिमिटएनओफाइल’ लिहावे.

मेमरीबाबत, पूर्ण यंत्राची मेमरी संपली की फक्त ‘मेमरीमॅक्स’ने त्या सर्व्हिसला आखून दिलेली मर्यादा ओलांडली गेली, हे कर्नलच्या ओळीवरून वेगळे करावे, उपाय दोन्हींत निराळे आहेत. आणखी एक बारकावा असा, की ‘ओओएमपॉलिसी’ डीफॉल्ट ‘स्टॉप’ असते. त्यामुळे सर्व्हिसच्या दहा वर्कर प्रोसेसपैकी एकच वर्कर मेमरीपायी मारला गेला तरी सिस्टिमडी संपूर्ण सर्व्हिस थांबवते.

डिस्क भरल्याची शक्यता ‘डीएफ -एच’ने तपासताना ‘डीएफ -आय’ही पाहावे, कधी जागा असते, पण आयनोड (फाइलसिस्टिममधल्या फाइलींच्या नोंदी) संपलेले असतात.

प्रोसेस जिवंत आहे, पण उत्तर देत नाही, अशा अवस्थेसाठी ‘वॉचडॉगसेक’ आहे. प्रोग्रॅमने ठरावीक अंतराने खूण पाठवली नाही तर सिस्टिमडी तिला सिगॲबॉर्ट देते आणि ‘रिझल्ट’मध्ये ‘वॉचडॉग’ लिहिते. प्रोग्रॅममध्ये ती सोय नसताना हे सेटिंग लावल्यास चांगली चालणारी सर्व्हिस ठरावीक वेळाने मारली जाईल.

## रीबूटनंतरच पडत असेल तर

12 ऑक्टोबर 2020 रोजी सकाळी ग्रिडमधल्या बिघाडामुळे मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईचा मोठा भाग अंधारात गेला होता. अशा प्रसंगानंतर वीज परतते आणि एखाद्या कार्यालयातले सगळे सर्व्हर एकाच वेळी उठू लागतात, तेव्हा आजवर केवळ योगायोगाने बरोबर लागत आलेला क्रम उघडा पडतो. एरवी महिनोन्‌महिने रीबूट न होणाऱ्या यंत्रांवर हे दोष साठत राहतात.

‘आफ्टर’ फक्त क्रम ठरवते. ‘रिक्वायर्स’ किंवा ‘वॉन्ट्स’ फक्त गरज सांगते. दोन्ही हवे असेल तर दोन्ही लिहावे लागते. नुसते ‘रिक्वायर्स=पोस्टग्रेएसक्यूएल.सर्व्हिस’ लिहिल्यास दोन्ही सर्व्हिस एकदमच सुरू होतात आणि आपली सर्व्हिस डेटाबेस तयार होण्याआधी त्याचे दार ठोठावते. ‘आफ्टर=नेटवर्क.टार्गेट’ याचा अर्थ आयपी पत्ता मिळालेला आहे असा होत नाही. विशिष्ट पत्त्यावर ऐकणाऱ्या सर्व्हिसला ‘कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड ॲड्रेस’ आला तर ‘नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट’ हे ‘वॉन्ट्स’ आणि ‘आफ्टर’ या दोन्हींत द्यावे. डेटा वेगळ्या डिस्कवर असेल तर ‘रिक्वायर्समाउंट्सफॉर’ लिहावे. नाहीतर डिस्क माउंट होण्याआधी सर्व्हिस त्या रिकाम्या डिरेक्टरीत नवा कोरा डेटा निर्माण करू शकते, आणि तो गोंधळ निस्तरणे बंद पडलेल्या सर्व्हिसपेक्षा कितीतरी जड जाते. डेटाबेस दुसऱ्या यंत्रावर असेल तर सिस्टिमडीचा क्रम तिथपर्यंत पोहोचत नाही. त्यासाठी ॲप्लिकेशननेच थांबून पुन्हा जोडणीचा प्रयत्न केला पाहिजे.

## रनिट आणि सुपरव्हायझर

रनिटमध्ये ‘अनेबल टू ओपन सुपरवाइज/ओके’ या संदेशापुढे ‘फाइल डज नॉट एग्झिस्ट’ असेल तर त्या डिरेक्टरीवर ‘रनएसव्ही’ चालू नाही, बहुधा सर्व्हिस डिरेक्टरीची लिंकच दिलेली नाही. ‘ॲक्सेस डिनाइड’ असेल तर आज्ञा रूट म्हणून द्यायची राहिली. ‘रन’ स्क्रिप्टने प्रोग्रॅम समोरच, ‘एक्झेक’ने चालवणे येथे अनिवार्य आहे. सुपरव्हायझरमध्ये ‘बॅकऑफ’ म्हणजे प्रोसेस ‘स्टार्टसेक्स’ (डीफॉल्ट 1 सेकंद) पूर्ण होण्याआधीच मेली, आणि ‘फेटल’ म्हणजे ‘स्टार्टरिट्राइज’ (डीफॉल्ट 3) संपले. कॉन्फिग बदलल्यावर ‘अपडेट’ ही आज्ञा द्यावी लागते. नुसत्या ‘रिस्टार्ट’ने जुनेच कॉन्फिग चालू राहते.

## दुरुस्ती आणि तिची परीक्षा

पॅकेजबरोबर आलेली युनिट फाइल थेट बदलू नये, कारण पुढच्या अपडेटला तो बदल पुसला जाईल. ‘सिस्टिमसीटीएल एडिट अहवाल’ने स्वतंत्र ओव्हरराइड, म्हणजे फक्त बदलांची वेगळी फाइल, तयार करावे. त्यात ‘एक्झेकस्टार्ट’ बदलायचे असेल तर आधी एक रिकामी ‘एक्झेकस्टार्ट=’ ओळ लिहून जुने मूल्य पुसावे आणि मग नवी ओळ द्यावी; अन्यथा दोन ओळी झाल्याची तक्रार येते. फाइल हाताने बदलली असल्यास ‘डेमन-रीलोड’ विसरू नये. ‘सिस्टिमडी-ॲनालाइझ व्हेरिफाय’ने स्पेलिंगच्या चुका सापडतात, आणि ‘सिस्टिमसीटीएल कॅट अहवाल’ने कोणत्या फाइली मिळून अंतिम युनिट तयार झाले आहे ते दिसते.

यानंतर परीक्षा. गर्दी नसलेल्या वेळी ‘सिस्टिमसीटीएल किल -एस सिगकिल अहवाल’ देऊन सर्व्हिस मुद्दाम पाडावी आणि ती अपेक्षित वेळात उठते का ते पाहावे. साधा ‘किल’ वापरून ही परीक्षा घेऊ नये. वर सांगितल्याप्रमाणे तो शेवट स्वच्छ मानला जातो. मग यंत्र पूर्ण रीबूट करून, कोणीही लॉगिन न करता, सर्व्हिस तयार होते का आणि लॅबचा एक चाचणी-अहवाल खरोखर मोबाइलवर पोहोचतो का, हे तपासावे. नंतर त्याच दिवशीची संध्याकाळची गर्दी उलटली की ‘सिस्टिमसीटीएल शो -पी एनरिस्टार्ट्स अहवाल’ पाहावे. आकडा शून्य नसेल तर ‘जर्नलसीटीएल -यू अहवाल -बी’ पुन्हा उघडावे आणि त्या बूटनंतरच्या पहिल्या चुकीपासून वाचायला सुरुवात करावी.